वर्ष वाईट गेलं, तरी वर्षअखेरीची आभारांची यादी कशी करावी?

भांडुप_पश्चिम

आमच्याकडे ३१ डिसेंबरला रात्री जेवणं झाली की घरातल्या प्रत्येकाने वर्षातल्या पाच चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि वाचून दाखवायच्या, अशी पद्धत आहे. यंदा मार्चमध्ये घरातली एक नोकरी गेली, दुसरी मिळाली ती कमी पगाराची. जून ते ऑगस्ट वडील महापालिकेच्या रुग्णालयात होते, ऑगस्टअखेर गेले. उपचारांसाठी तीन नातेवाइकांकडून पैसे घेतलेत. घरात आता आई, आम्ही दोघं आणि बारा वर्षांची मुलगी.

अडचणी अशा:
– यादी लिहायला घेतली की 'आरोग्य, घर, कुटुंब' एवढंच उतरतं आणि तेही खोटं वाटतं. चुकतं कुठे?
– पाचच का? एकदाच करायची की रोज?
– आईला यात घ्यावं का?
– ज्यांनी खरोखर मदत केली त्यांचे आभार कसे मानायचे? विशेषतः पैसे देणाऱ्यांचे आणि वॉर्डातल्या सिस्टरांचे. त्यांची तर नावंही माहीत नाहीत.

'जे होतं ते चांगल्यासाठीच' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते पुरेसे ऐकून झालेत.

टाकदौत

आधी चुकतं कुठे ते बघू. घर, कुटुंब या गोष्टी खोट्या नाहीत, पण त्या बाराही महिने तशाच होत्या. जे कायम असतं त्याला मन सरावतं आणि मग ते कागदावर लिहूनही काही वाटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे यादी आठवणीतून होते आणि मन उदास असताना उदास प्रसंगच आधी आठवतात. गॉर्डन बोवर या मानसशास्त्रज्ञाने १९८१मध्ये हे मांडलं. दमलेल्या अवस्थेत रात्री साडेअकराला कोरा कागद घेऊन बसलात तर ऑगस्टशिवाय काही हाती लागणार नाही.

म्हणून आठवणीवर विसंबू नका, घरातले कागद काढा. भिंतीवरचं कालनिर्णय (गॅस कधी लावला, दुधाचे खाडे, डॉक्टरच्या तारखा त्यावरच लिहिलेल्या असतात), मोबाइलची गॅलरी, पासबुक, यूपीआयचे व्यवहार, रुग्णालयाची फाइल, औषधांची बिलं, नातेवाइकांचे व्हॉट्सॲप चॅट. एका महिन्याला दहा मिनिटं द्या, जास्त नाही. एकूण दोन तास होतात. ते दोन दिवसांत विभागा, पहिल्या दिवशी जानेवारी ते जून आणि दुसऱ्या दिवशी जुलै ते डिसेंबर. क्रम सरळच ठेवा. डिसेंबरपासून मागे गेलात तर पहिली बैठक नेमकी जुलै-ऑगस्टवर संपेल आणि तेच डोक्यात घेऊन झोपायला जाल. हे काम रात्री करू नका, रविवारी सकाळी चहानंतर करा.

वहीत पाच रकाने आखा: तारीख, कोण, नेमकं काय केलं, त्या माणसाला ते किती पडलं, आपण त्याला सांगितलं का.

चौथा रकाना लोक हमखास गाळतात, आणि खरं काम तोच करतो. टेसर, गेटवुड आणि ड्रायव्हर यांनी १९६८मध्येच दाखवलं होतं की कृतज्ञता वाटणं तीन गोष्टींवर ठरतं: समोरच्याचा हेतू, त्याला मोजावी लागलेली किंमत आणि आपल्याला झालेला उपयोग. 'काकांनी खूप मदत केली' या वाक्यात तिन्ही नाहीत. 'जुलैच्या दुसऱ्या शनिवारी विरारहून पहाटेच्या गाडीने आले, अर्धी रजा टाकली, दुपारपर्यंत वॉर्डाबाहेर बसले, म्हणून आईला घरी जाऊन चार तास झोपता आलं' यात तिन्ही आहेत. असं एक वाक्य लिहिलं की खोटेपणाचा प्रश्न उरत नाही, कारण ते घडलेलं असतं.

पाच या आकड्याचं म्हणाल तर तो बहुधा एमन्स आणि मॅकलॉ यांच्या २००३च्या प्रयोगातून सगळीकडे पसरला. त्यात एका गटाला आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, 'जास्तीत जास्त पाच' गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. पाच व्हायलाच हव्यात असं नाही. ओढूनताणून लिहिलेली पाचवी गोष्ट आधीच्या चारही पातळ करते. तीन सापडल्या तर तीन लिहा.

रोज की कधीतरी, यावर ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये तुलना केली: सहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. उलट त्याच वर्षी सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला लावल्या, आणि त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला आढळला. मात्र त्यांची एक अट होती: प्रत्येक गोष्टीपुढे ती *का घडली* हेही लिहायचं. माझ्या मते तुमच्यासाठी मधला मार्ग बरा. वर्षाचा ताळेबंद एकदाच करा, आणि जानेवारीपासून आठवड्याला एक नोंद कारणासकट. रोजची वही सुरू केलीत तर ती संक्रांतीपर्यंत टिकत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

अजून एक. तक्रारींसाठी वेगळं पान ठेवा आणि तेही भरा. दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका. 'नोकरी गेली पण त्यामुळे वडिलांना वेळ देता आला' असं वाक्य यादीत आलं की समजा, 'चांगल्यासाठीच' मागच्या दाराने घरात शिरलं. नोकरी गेली हे एका पानावर राहू दे, वडिलांसोबत बसता आलं हे दुसऱ्या पानावर. त्यांची बेरीज करायची सक्ती नाही.

काठावरचा

वरच्या पद्धतीला हरकत नाही, पण अपेक्षा बेताची ठेवा. २००३च्या त्या मालिकेतले पहिले दोन प्रयोग अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होते. तिसरा स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांवर. नैराश्य आणि चिंतेवर या यादीचा किती परिणाम होतो, याचा क्रेग आणि चीव्हन्स यांनी २०२१मध्ये एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष असा की परिणाम आहे पण लहान, उपचार म्हणून यावर अवलंबून राहू नये. व्हॉट्सॲपवर हे कोणी पुढे पाठवत नाही.

म्हणून आधी एवढं तपासा. गेल्या दोन आठवड्यांत घरातल्या कोणाला बहुतेक दिवस कशातच रस वाटत नाही का, झोप आणि भूक पार बिघडली आहे का, स्वतःला दोष देणं थांबत नाही का? डॉक्टर यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी वापरतात. मराठीतही मिळते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटण्याबद्दल शेवटचा, नववा प्रश्न आहे. त्याचं उत्तर 'अजिबात नाही' सोडून काहीही असेल तर गुण मोजत बसू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. केईएम, सायन आणि नायर या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवाही आहे.

आणि आईंबद्दल: चार महिन्यांनी रडू येणं, जेवणाच्या ताटावर थांबून जाणं, हा आजार नव्हे. लांबलेल्या शोकाचं निदान करायला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही किमान सहा महिन्यांची अट आहे. त्यांना 'सकारात्मक' करण्याची घाई करू नका.

अधिक_उणे

पैशांच्या मुद्द्यावर. उसने देणाऱ्याबद्दल दोन भावना एकत्र येतात, ऋणी वाटणं आणि ओझं वाटणं. वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांच्या २००६च्या अभ्यासात दिसलं की देणाऱ्याला परतफेडीची अपेक्षा आहे असं जितकं जाणवतं, तितकं ओझं वाढतं आणि कृतज्ञता घटते. म्हणून आभाराचा फोन आणि हप्त्याचा फोन एकच नको. निदान आठवडाभराचं अंतर ठेवा.

आधी परतफेड कागदावर आणा. तिघांसाठी तीन ओळी: रक्कम, कोणत्या तारखेला मिळाली, दरमहा किती देणार, पहिला हप्ता कधी. आकडा घरखर्च वजा करून जे खात्रीने उरतं त्याच्या निम्मा धरा, सगळा नको. तीन महिन्यांत हप्ता चुकला की नातं बिघडतं, आणि ते बिघडतं मौनामुळे, पैशामुळे नव्हे. रक्कम लहान असली तरी चालेल, तारीख पक्की हवी. पगाराच्या दुसऱ्या दिवशी बँकेतून आपोआप जाईल अशी स्थायी सूचना लावून टाका. रोखीने फेडू नका: २० हजार किंवा त्याहून मोठी उसनवारी रोखीत घेणं आणि रोखीत फेडणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि लहान रकमांचंही नंतर कोणाला काही आठवत नाही.

हे झालं की आभार मोकळेपणी मानता येतात. तेव्हा रकमेचा उल्लेखच नको. 'तुमचे उपकार कसे फेडू' हे तर मुळीच नको. समोरचा अवघडतो आणि 'अरे सोड, आपल्यात कसलं' म्हणून विषय बदलतो. त्याऐवजी त्या पैशाने काय झालं ते सांगा: 'तुमचे पैसे मंगळवारी आले आणि त्याच संध्याकाळी इंजेक्शनं आणता आली.' आणि त्याच फोनवर नवी मागणी, कुठे जागा असेल तर बघा वगैरे, अजिबात नाही. मागणी जोडली की आधीचं सगळं बोलणं तिची प्रस्तावना वाटतं.

भांडुप_पश्चिम

आभारी आहे सगळ्यांचा. रकाने आखले, जानेवारी ते मार्च झालं. दोन शंका. मे महिन्यात खरोखर एकही नोंद सापडत नाही, रिकामा सोडू का? आणि वाचून दाखवण्याचं काय करू? मुलगी विचारते आहे की यंदाही वाचायचं का.

टाकदौत

रिकामा सोडा. मे महिन्यात कोणी काही केलं नसेल तर नसेल. रिकाम्या रकान्यामुळेच भरलेल्यांवर विश्वास बसतो.

तरी करून बघायचंच असेल तर उलटी रीत आहे. कू, अल्गो, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी २००८मध्ये तपासलेली. एखादी चांगली गोष्ट घ्या आणि ती *न घडण्याच्या* किती वाटा होत्या ते लिहा. उदाहरणार्थ नवी नोकरी: ती जाहिरात ज्याने पाठवली तो त्या दिवशी गाडीत भेटला नसता तर, मुलाखतीच्या दिवशी पावसाने मध्य रेल्वे ठप्प असती तर, आधीचा उमेदवार टिकला असता तर. चार-पाच वाटा लिहून होईपर्यंत, गृहीत धरलेली गोष्ट पुन्हा दिसायला लागते. हा प्रयोग गेलेल्या माणसावर करू नका, म्हणजे 'बाबा आयुष्यात नसतेच तर' असा. ताज्या दुःखात तो फार वाईट उलटतो. नोकरी, शेजार, शाळा एवढ्यापुरता ठेवा.

चैत्रपालवी

वाचून दाखवणं यंदा बंद ठेवा. सगळ्यांसमोर आळीपाळीने वाचायचं म्हटलं की माणूस इतरांना बरं वाटेल ते लिहितो. बारा वर्षांची मुलगी तर नक्कीच, कारण तिला आजीच्या चेहऱ्याकडे बघून लिहावं लागेल. तिला वेगळी चिठ्ठी द्या आणि 'मला नाही लिहायचं' म्हणायची मुभा स्पष्ट शब्दांत द्या. लिहिलंच तर ते कोणाला दाखवायचं ते तीच ठरवेल.

आईंना यादी मागू नका, माहिती मागा. त्या महिन्यांत घरी कोण काय आणून देत होतं, पेज कोणी पाठवली, मऊ भाताचा डबा कोणाचा, रात्री सोबतीला कोण थांबलं, हे तुमच्या पासबुकात नाही, आईंनाच ठाऊक असणार. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि फक्त 'जुलैत डबा कोणाकडून यायचा?' एवढं विचारा. बोलल्या तर लिहून घ्या, नाही बोलल्या तर दुसऱ्या दिवशी. त्यांना 'कृतज्ञ वाटतं का' असं विचारायचं नाही. डबे परत करायचे राहिले असतील तर तेही यातच निघतील. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, तेव्हा तीच आभाराला जायची उत्तम सबब.

३१ डिसेंबरचा हट्टही सोडा. रात्री बाराला ज्यांना फोन कराल ते गर्दीत असतील, आणि ग्रुपवर टाकलेला सामूहिक संदेश म्हणजे आभार नव्हेत. संक्रांत ते रथसप्तमी हा काळ जास्त सोयीचा, लोक एकमेकांकडे जात-येत असतात. तुमच्याकडे वर्ष झालेलं नाही म्हणून सण करत नसाल, तरी नुसतं भेटायला जायला कशाची आडकाठी?

भेटीत काय बोलायचं हे आधी लिहून ठेवा. सेलिगमनच्या त्याच २००५च्या अभ्यासात, ज्याचे कधी नीट आभार मानले नाहीत अशा एका माणसाला पत्र लिहून ते स्वतः नेऊन द्यायचं, असाही एक प्रयोग होता. त्याचा परिणाम यादीपेक्षा मोठा होता, मात्र महिनाभरच टिकला. साधारण तीनशे शब्द पुरतात: त्याने काय केलं, तेव्हा आमची स्थिती काय होती, त्यामुळे काय बदललं, आज काय चाललंय. वाचून दाखवायला संकोच वाटत असेल तर हातात देऊन या. कुमार आणि एप्ली यांनी २०१८मध्ये तपासलं तेव्हा असं निघालं की समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा आपला अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त असतो आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी.

घरच्या मोठ्यांना 'धन्यवाद' म्हटलं तर ते परकेपणाचं वाटतं, काही जण रागावतातही. तिथे आभार हा शब्दच टाळा. 'मामी, त्या रात्री तुम्ही थांबलात म्हणून आई झोपली' एवढं म्हणा आणि थांबा. पुढे 'पण' लावून काही जोडू नका.

वॉचमन, कामवाल्या बाई, लिफ्टमन यांना दिवाळीची पोस्त दिली असेल, तरी ती रिवाजाची. रुग्णवाहिका आली तेव्हा गेटसमोरच्या गाड्या कोणी हलवल्या, खुर्चीतून खाली उतरवायला कोणी हात लावला, ते नाव घेऊन त्याला सांगा. बाईंना खुश करायचं तर भरपगारी एक दिवस सुट्टी, आधी सांगून. उरलेला फराळ नव्हे.

रात्रपाळी

वॉर्डाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून सविस्तर.

सिस्टरांची नावं नसली तरी अडत नाही. फाइलमध्ये वॉर्ड क्रमांक, युनिट, दाखल झाल्याची आणि शेवटची तारीख असते. तेवढं लिहिलं की त्या काळात कोणत्या पाळीला कोण होतं ते ड्युटीच्या नोंदीवरून वॉर्डाला कळतं. पाळी आठवत असेल तर लिहा. रात्रीच्या पाळीचं कौतुक सहसा कोणी करत नाही, कारण रात्री नातेवाईक झोपलेले किंवा घाबरलेले असतात.

पाकीट किंवा भेटवस्तू नेऊ नका. पालिकेच्या कर्मचाऱ्यांना ती घेता येत नाही आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांची पंचाईत होते. पत्र मात्र उपयोगाचं, कारण तक्रारी लेखी येतात आणि चांगलं तोंडी सांगून विरून जातं. पत्र अधिष्ठात्यांच्या नावे (मोठ्या रुग्णालयात; उपनगरी रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षक), प्रत अधिसेविकांना म्हणजे मेट्रनना. एक पान, जास्त नको. विषयाच्या ओळीत 'वॉर्ड क्रमांक अमुक येथील परिचारिका व कर्मचाऱ्यांच्या सेवेबद्दल' असं लिहा. 'सर्वांनी फार छान सेवा दिली' हे वाक्य फुकट जातं. 'दर दोन तासांनी कूस बदलली म्हणून शेवटपर्यंत पाठीला जखम झाली नाही' असं वाक्य वाचलं की मेट्रनना कळतं, कोणाचं काम बोलतंय. वॉर्डबॉय, आया आणि सफाई कामगार यांचा वेगळा उल्लेख करा, नाहीतर पत्र सिस्टरांपुरतंच समजलं जातं. तक्रार असेल तर ती याच पत्रात घालू नका, स्वतंत्र द्या.

वडील गेलेल्या वॉर्डात पुन्हा जाणं जमणार नसेल तर जाऊ नका, तो काही नियम नाही. कार्यालय वॉर्डापासून वेगळं असतं, किंवा पोस्टाने पाठवा.

रक्त चढवलं असेल तर एक हिशेब उरतो. दात्याचं नाव रक्तपेढी सांगत नाही, त्यामुळे त्याचे आभार मानायचा एकच मार्ग, आपण देणं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, दोन रक्तदानांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर लागतं. उपाशीपोटी जाऊ नका, आदल्या रात्री जागरण नको. चक्कर येते ती बहुतेक त्यामुळेच. म्हणजे १ जानेवारीची सकाळ यासाठी तशी वाईटच. मे महिन्यात शाळा-कॉलेजांना सुट्ट्या असतात, शिबिरं कमी होतात आणि मुंबईत रक्ताचा तुटवडा पडतो, तेव्हाचं ठरवून कालनिर्णयावर आत्ताच लिहून ठेवा.

पत्राच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावक खिडकीवर द्या, दुसरीवर तारखेचा शिक्का घ्या. शिक्क्याशिवायचं पत्र कुठल्या टेबलावर राहिलं ते नंतर शोधता येत नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचा, शनिवारी जाऊ नका.